चूक होण्याआधीची बैठक

जुलै महिन्यात सांगली, सातारा, जळगाव, लातूर अशा कुठल्याही जिल्ह्याच्या गावी करसल्लागाराच्या ऑफिसात डोकावून पाहा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक मदतनीस, भिंतीला लागून फायलींची कपाटं आणि पगारदारांच्या विवरणपत्रांची घाई. कायद्यातली मुदत ३१ जुलैची. वाढवून मिळाली तर वेगळी गोष्ट. या सल्लागाराचे बरेचसे अशील आता गावात राहत नाहीत. वडिलांचं काम याच ऑफिसात व्हायचं म्हणून पुण्याला, बंगळूरला नोकरीला लागलेली मुलंही आपलं विवरणपत्र इथेच भरून घेतात. पूर्वी हे काम फोन आणि कुरिअरवर चाले. "तिसऱ्या पानावर खालून चौथी ओळ बघ", "माझ्याकडे दोनच पानं आहेत काका" असं करत अर्धा तास जाई आणि शेवटी सल्लागार आपल्या अंदाजाने आकडा भरून टाकी.

आता तोच सल्लागार आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण आपल्या संगणकावर उघडतो, स्क्रीन शेअर करतो आणि माउसचा बाण एका ओळीवर नेऊन ठेवतो.

"हे बावीस हजार व्याज कुठलं?"

"माझं नाही काका ते. माझं खातं दुसऱ्या बँकेत आहे."

"बँकेचं नाव वाच. शाखा वाच."

"अरे हो, ही तर गावातली शाखा. बाबांनी आईच्या नावाने ठेव केली होती."

"आईच्या एकटीच्या नावाने केली नाही. पहिलं नाव तुझं आहे, दुसरं आईचं. पैसे कुणाचे होते?"

पैसे आईचे असतील तर ही रक्कम आपली नाही, दुसऱ्या पॅनची आहे, असं त्याच संकेतस्थळावर कळवायची सोय आहे. मुलाचे असतील तर ती उत्पन्नात धरावी लागेल. दोघांनी एकच ओळ एकाच वेळी पाहिली म्हणून पाच मिनिटांत उलगडा झाला. हीच गोष्ट नजरेतून सुटली असती तर काही महिन्यांनी नोटीस आली असती, आणि तिचं उत्तर देण्यात सल्लागाराचा अख्खा दिवस गेला असता, ज्याची फी मागणंही अवघड.

वेब कॉन्फरन्सिंगचे फायदे सांगताना बहुतेकजण आधी प्रवासखर्च मोजतात. तो वाचतोच. पण छोट्या ऑफिसाच्या दृष्टीने मला यातली मोठी गोष्ट वेगळी वाटते. बैठक जेव्हा महाग असते, तेव्हा माणूस ती शेवटी घेतो: काम पूर्ण झाल्यावर, मंजुरीसाठी. ती जवळपास फुकट झाली की अर्धवट कामावर घेता येते, शंका आली त्या क्षणी घेता येते. म्हणजे चूक होण्याआधी घेता येते. ज्याच्याकडे चूक निस्तरायला वेगळा माणूस नाही, वेगळा पैसा नाही, त्याच्यासाठी हा फरक सगळ्यात मोलाचा आहे.

ही सोय छोट्या माणसापर्यंत पोचायला जवळपास अर्धशतक लागलं. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' लोकांसमोर ठेवला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो इथे सार्वजनिक बूथ उघडले. तीन मिनिटं एकमेकांचं तोंड पाहत बोलायचं तर अंतराप्रमाणे १६ ते २७ डॉलर मोजावे लागत. १९७० साली पिट्सबर्गमध्ये ही सेवा ऑफिसांसाठी सुरू झाली. महिन्याला १६० डॉलर, आणि त्यात बोलायला मिळायची फक्त ३० मिनिटं. ती चालली नाही. शिवाय आपल्याकडे पिक्चरफोन असून भागत नव्हतं, समोरच्याकडेही तो लागायचा. १९८०च्या दशकात मोठ्या कंपन्यांसाठी बैठकीच्या खोलीत बसवायची यंत्रणा आली. १९८२ मध्ये कॉम्प्रेशन लॅब्ज या कंपनीच्या यंत्रणेची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर होती आणि लाइनचं भाडं तासाला सुमारे हजार डॉलर. अशी खोली असणं हे तेव्हा कंपनीच्या श्रीमंतीचं लक्षण होतं.

मग १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात 'सीयू-सीमी' हे सॉफ्टवेअर तयार झालं आणि साध्या मॅक संगणकांना इंटरनेटवरून एकमेकांची चित्रं दिसू लागली. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा 'क्विककॅम' हा कॅमेरा सुमारे शंभर डॉलरला मिळू लागला. चित्र काळं-पांढरं, धूसर, पण टेबलावर ठेवता येण्याजोगं. २००३ मध्ये स्काइप आलं आणि परदेशी मुलं असलेल्या मराठी घरांनी ते डोक्यावर घेतलं. २०११ मध्ये एरिक युआन यांनी वेबेक्स या ऑनलाइन बैठकांच्या सेवेतला अनुभव घेऊन झूमची कंपनी काढली. २०१९च्या डिसेंबरमध्ये झूमच्या बैठकांना रोज सुमारे १ कोटी हजेऱ्या लागत होत्या, एप्रिल २०२० मध्ये ३० कोटी. स्काइप स्वतः मात्र ५ मे २०२५ रोजी बंद झालं. जे साधन वापरता ते कायम राहीलच असं समजू नये, हे त्यावरून लक्षात ठेवावं. अशिलांचे फोन नंबर आणि पत्ते आपल्या वहीत वेगळे असलेले बरे.

किंमत इतकी खाली कशी आली, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच कमी खर्चात चांगलं काम कसं करायचं याची किल्ली आहे.

आज ज्याला एचडी म्हणतात त्या साध्या चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे नऊ लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट, आणि सेकंदाला ३० चित्रं. हे सगळं जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट जावे लागतील, म्हणजे ६६० एमबीपीएस. घरच्या कनेक्शनला हे झेपणारं नाही. प्रत्यक्षात असा कॉल एक-सव्वा एमबीपीएसमध्ये होतो, पाचशेपट कमी. हे साधतं ते संक्षेपणामुळे. तुमच्या मागची भिंत प्रत्येक चित्रात तीच असते, तर ती पुन्हापुन्हा पाठवायची गरज नाही. फक्त जे हललं ते पाठवायचं. २००३ साली ठरलेल्या एच.२६४ या मानकाने हे काम फार चांगलं करून दाखवलं आणि पुढे फोनमधल्या चिपमध्येच त्याची सोय आली.

दुसरा टप्पा २०११ चा. गूगलने त्या वर्षी 'वेबआरटीसी' हे तंत्र सर्वांसाठी खुलं केलं. ब्राउझरमध्येच कॅमेरा, माइक आणि प्रत्यक्ष संवाद यांची सोय झाली. छोट्या ऑफिसासाठी याचा अर्थ फार सरळ आहे: अशिलाला काही बसवायला सांगावं लागत नाही. लिंक पाठवायची, त्याने दाबायची. साठीतल्या माणसाला फोनवरून सॉफ्टवेअर बसवायला ज्याने शिकवलं आहे, त्याला या सोयीची किंमत कळेल.

तिसरी गोष्ट बैठकीत माणसं वाढल्यावर दिसते. पाचजण एकमेकांना थेट चित्र पाठवू लागले तर प्रत्येकाला चार प्रती वर पाठवाव्या लागतात, एकूण वीस. आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांत खाली येणारा वेग बरा असतो, वर जाणारा बेताचा. म्हणून मधे एक सर्व्हर ठेवतात. प्रत्येकाने आपली एकच प्रत त्याच्याकडे द्यायची, पुढे कुणाला किती मोठं चित्र द्यायचं ते तो बघतो. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इवोव्ह या विद्यार्थ्याने २००३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे 'जित्सी' उभं राहिलं. त्याचा असा सर्व्हर मुक्तस्रोत आहे. ज्याला जमेल तो स्वतःच्या यंत्रावर चालवू शकतो.

आता मोबाइल डेटाचा हिशेब. एक एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी होतात. जाणारा आणि येणारा असे दोन प्रवाह धरले तर ९०० एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाची एका बैठकीत निम्म्याहून जास्त शिदोरी संपली. नुसत्या आवाजाला मात्र ८० केबीपीएस पुरतात, म्हणजे एका बाजूने तासाला ३६ एमबी. आणि स्क्रीनवर एखादं स्थिर पान दाखवत असाल तर तेवढ्याच किंवा त्याहून कमी डेटात भागतं, कारण पान हलत नाही. चेहरा महाग आहे, कागद स्वस्त. नेट अडखळायला लागलं की लोक घाईघाईने कॉल तोडून पुन्हा लावतात. त्याऐवजी कॅमेरा बंद करावा आणि कागद समोर ठेवावा. छोट्या ऑफिसाच्या बहुतेक बैठका कागदाविषयीच असतात.

वास्तुविशारदांच्या कामात मला हे सगळ्यात ठळक दिसतं. मुलगा दुबईत किंवा पिंपरीत, आणि घर बांधायचंय गावच्या जागेत. आधीची पद्धत अशी, की पूर्ण नकाशे काढायचे, छापायचे, पाठवायचे. समोरून "ठीक आहे" येई, कारण नकाशा वाचता येणारी माणसं थोडी. विटा चढल्यावर आई स्वयंपाकघरात उभी राही आणि म्हणे, फ्रीजचं दार उघडलं तर मागचं दार अडतंय. मग भिंत फोडा. आता वास्तुविशारद पेन्सिलीने काढलेला कच्चा आराखडासुद्धा स्क्रीनवर धरतो. मुलगा दुबईतून, आई गावातून शेजारणीच्या फोनवरून. "काकू, तुम्ही भाकरी करताना तोंड कुठल्या बाजूला करता?" या प्रश्नासाठी पूर्वी कोणी बैठक बोलावली नसती. उत्तर आलं की ओटा तिथल्या तिथे फिरवता येतो. खोडरबराशिवाय काही खर्च नाही.

बांधकामाच्या जागेवरही तसंच. स्लॅब ओतण्याआधी मिस्त्री फोन हातात घेऊन जाळीवरून चालतो. सळयांखाली कव्हर ब्लॉक बसलेत का, दोन सळयांमध्ये टेप लावून अंतर किती येतं, पाइप कुठून गेलाय, हे इंजिनिअर ऑफिसात बसून विचारतो. इथे माझं मत स्पष्ट आहे: कॅमेऱ्यातली तपासणी ही प्रत्यक्ष तपासणीच्या आधीची असावी, तिच्याऐवजी नसावी. सळई किती मिलिमीटरची आहे हे कॅमेऱ्यात नुसत्या नजरेला ठरवता येत नाही, आणि ओतलेला स्लॅब परत उचलता येत नाही. पण आधी पाहून घेतल्यामुळे इंजिनिअर जागेवर पोचतो तेव्हा निम्म्या चुका सुधारलेल्या असतात आणि मजुरांचा दिवस वाया जात नाही.

येवल्याची पैठणी घ्या. तिच्यातला धूपछाव रंग उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग वेगवेगळे असल्यामुळे दिसतो आणि साडी हलली तरच कळतो. फोटोत यातला एकच रंग येतो. मग "फोटोत जांभळी होती, आली ती निळसर" अशी तक्रार ठरलेली. घरातूनच विक्री करणाऱ्या बाईने व्हिडिओ कॉलवर पदर हळूहळू फिरवून दाखवला की दोन्ही रंग दिसतात. पदर उलटा करून दाखवला की हातमागाचं काम मागूनही तितकंच स्वच्छ आहे हे गिऱ्हाइकाला स्वतःला पाहता येतं. एक सूचना मात्र करावीशी वाटते. पिवळ्या दिव्याखाली कॅमेरा रंगाचा अंदाज चुकवतो. दिवसा खिडकीपाशी बसावं आणि साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद पांढरा दिसतोय ना, हे समोरच्या बाईला आधी विचारावं. तो निळा किंवा पिवळट दिसत असेल तर साडीचा रंगही खरा दिसत नाही.

साधन कोणतं घ्यावं, यावर फार वेळ घालवायची गरज नाही. झूमच्या मोफत बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे. गूगल मीटवर दोघंच असतील तर मर्यादा जवळपास जाणवत नाही, तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून स्क्रीनही शेअर करता येते, आणि ते तर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेच. दोघांच्या कामाला यातलं कोणतंही पुरतं. चाळीस मिनिटांची मर्यादा ही बऱ्याच बैठकांसाठी चांगलीच शिस्त आहे. पैसे भरायची वेळ तेव्हा येते, जेव्हा तुम्ही शिकवणी घेता, मोठ्या गटाला प्रशिक्षण देता किंवा बैठकीची नोंद अशिलाला द्यावी लागते. त्याआधी पैसे खर्च करायचेच असतील तर ते आवाजावर करावेत.

आवाजाची हेळसांड फार होते. चित्र अडखळलं तर माणूस सांभाळून घेतो. आवाज तुटला की संभाषणच संपतं. लॅपटॉपचा माइक तुमच्यापासून हातभर लांब असतो आणि फरशी, उघड्या भिंती, काचेची खिडकी यांच्यावरून परतलेला आवाजही तो तितक्याच आवडीने घेतो. तोंडाजवळ माइक असलेला साधा वायरचा हेडफोन यातला बराचसा प्रश्न सोडवतो. पडदे ओढावेत, पंखा थेट माइकवर येणार नाही असं बसावं. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच बैठकीत असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत, नाहीतर कर्कश शिट्टी ठरलेली. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की माणसं एकमेकांच्या वाक्यात शिरू लागतात. परदेशी कॉलवर हे घडतं, तेव्हा समोरचा उद्धट नसतो, तारेचं अंतर बोलत असतं. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायची सवय लावून घ्यावी.

आणि वीज. इन्व्हर्टरवर दिवे चालतात, लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरचा प्लग साध्या बोर्डावर राहिलेला असतो आणि बत्ती गुल झाली की बैठकही गुल. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घरून काम करणाऱ्याने तो कॅमेऱ्याच्या आधी घ्यावा. फोनचा हॉटस्पॉट आधी एकदा लॅपटॉपला जोडून पाहिलेला असावा.

सुरक्षिततेबद्दल मी थोडं आग्रहाने लिहितो. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूमविषयी सावधगिरीची सूचना काढली होती, कारण उघड्यावर पडलेल्या लिंकवरून परकी माणसं बैठकीत शिरत होती. त्याच महिन्यात झूमने प्रतीक्षाकक्ष, म्हणजे यजमानाने आत घेईपर्यंत माणसाला बाहेर थांबवणारी सोय, आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. हा कक्ष बंद करू नका. लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या गटात टाकू नका. संपूर्ण स्क्रीन शेअर करण्याऐवजी फक्त लागणारी खिडकी शेअर करा, म्हणजे एका अशिलाच्या फाइलचं नाव दुसऱ्याला दिसणार नाही आणि घरचे निरोप वर उगवणार नाहीत.

याहून गंभीर गोष्ट ओटीपीची. समोरच्याची स्क्रीन पाहून त्याचं खातं रिकामं करणारे ठग आपल्याकडे आहेत. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉलवर बसून 'डिजिटल अटके'ची भीती घालणारेही आहेत. अशा काळात करसल्लागाराने विवरणपत्राच्या पडताळणीसाठी "ओटीपी सांग" म्हणणं बरोबर नाही, मग तो कितीही विश्वासू असो. अशिलाने शेअरिंग थांबवावं, ओटीपी स्वतःच्या हाताने भरावा आणि मग पुन्हा बोलावं. अर्धं मिनिट जातं. पण ज्या अशिलाला तुम्ही ही सवय लावली, तो उद्या ठगाच्या कॉलवरही ओटीपी द्यायला कचरेल.

पडद्यावर सगळंच होतं असं मात्र नाही. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांचा अभ्यास आला. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. पडद्यावर नजर एका चौकटीत बांधली जाते, भिरभिरत नाही, आणि भिरभिरण्यातूनच नवं काही सुचतं, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. छोट्या ऑफिसासाठी यातून कामाची वाटणी सहज करता येते. नवा व्यवसाय काय करावा, घर कसं असावं, भांडण कसं मिटवावं, यासाठी प्रत्यक्ष भेटा. आकडा तपासणं, मसुदा वाचणं, दोन पर्यायांतला एक निवडणं, हे पडद्यावर उरका. पहिली ओळखही शक्यतो प्रत्यक्षच व्हावी. दिवसभर पडद्यावर राहणाऱ्यांनी स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवावी. सतत आरशासमोर बसल्यासारखं स्वतःकडे पाहत राहणं हे थकव्याचं एक कारण असल्याचं स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं आहे.

तुमचं ऑफिस दोन खोल्यांचं असो की स्वयंपाकघरातल्या टेबलाचं, पुढच्या कामात एक करून पाहा. काम निम्मं झालं असेल तेव्हाच अशिलाला लिंक पाठवा आणि कच्चा कागद त्याच्यासमोर ठेवा. अपुरं काम दाखवायला संकोच वाटेल, पण चूक त्याच वेळी सगळ्यात स्वस्तात निघते.